एआय एजंटच्या खर्चाचे अनुमान

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील औषधी विक्रेते आम्हांस हल्ली विचारतात : मागणी नोंदवून साठा तपासणारा एआय एजंट ठेवल्यास महिन्यास किती खर्च येईल? संदेशांची संख्या गुणिले दर, हे गणित येथे अपुरे पडते.

आकारणी ‘टोकन’ नामक शब्दांशांवर होते. देवनागरी मजकुरास त्याच आशयाच्या इंग्रजीहून बहुधा अधिक टोकन लागतात. शिवाय एजंट प्रत्येक पायरीवर मागील सर्व संभाषण पुन्हा वाचतो. समजा, एका मागणीच्या ६ पायऱ्या असून प्रत्येकीत ५०० टोकनांची भर पडते. तर वाचन ३,००० नव्हे, १०,५०० टोकनांचे होते. ग्राहकाने ‘गुळवेल’ मागितली आणि यादीत ‘गुडूची’ असली, की शोध लांबतो. पायऱ्या १२ झाल्यास वाचन ३९,००० वर जाते. पुनर्वाचनास काही कंपन्या सवलत देतात. तरी वाढीचा कल तोच राहतो.

म्हणून प्रथम यादीत औषधींची पर्यायी नावे भरावीत. नंतर रुग्णांची नावे वगळून जुन्या ५० मागण्या एजंटकडून करवून घ्याव्यात आणि एकूण बिलास अचूक पूर्ण झालेल्या मागण्यांच्या संख्येने भागावे. त्या आकड्यास पावसाळ्यातील गर्दीच्या महिन्याच्या मागण्यांनी गुणावे. त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर आणि तपासनिसाच्या वेळेचे मोल मिळवावे; बिल डॉलरमध्ये असल्यास दरवाढीस वाव ठेवावा. खर्चाची कमाल मर्यादा आधीच बांधून घ्यावी.

प्रतिमागणी खर्च त्यातून वाचणाऱ्या श्रमाच्या मोलाहून अधिक येत असेल, तर आमच्या मते तूर्त नोंदवहीच श्रेयस्कर.