कातळ चढताना वाट कशी निवडायची? सह्याद्रीत सोपी दिसणारी नाळ घात का करते?

पावसाळा सरला की ट्रेकर्सची पावलं सह्याद्रीकडे वळतात. शिखरावरचे फोटो आणि रील्स सगळीकडे फिरतात. पण फोटोतली माणसं कोणत्या वाटेनं वर गेली आणि कोणत्या वाटेनं उतरली, हे त्यात दिसत नाही. कातळावर मात्र सगळं त्यावरच ठरतं.

दोर न लावता हातापायांच्या आधारानं खडक चढण्याला स्क्रॅम्बलिंग म्हणतात. साधं चालणं आणि प्रस्तरारोहण यांच्या मधला हा प्रकार. इथे मळलेली वाट मध्येच संपते आणि पुढचा रस्ता स्वतः शोधावा लागतो.

एकच गड, तीन वाटा

हरिश्चंद्रगडाचंच उदाहरण घ्या. उंची सुमारे १,४२४ मीटर. पाचनईकडून निघालं तर साधारण दोन-तीन तासांत माणूस मंदिरापाशी पोहोचतो. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे गेलं तर चाल मोठी आहे आणि खिंडीनंतरच्या कातळटप्प्यावर रेलिंग धरून चढावं लागतं. तिसरी नळीची वाट. कोकणातल्या बेलपाड्यातून कोकणकड्याच्या बाजूनं ती वर येते. प्रचंड धोंडे, उभे कातळटप्पे आणि काही ठिकाणी दोराची गरज. ही चढाई दिवसभराची आहे.

डोंगर एकच असताना एवढा फरक का? कारण सह्याद्री पश्चिमेला कोकणात एकदम कोसळतो, तर पूर्वेला पठार आधीच उंचावर आहे. त्यामुळे कोकणातून येणाऱ्याला जास्त उंची चढावी लागते आणि तीही उभ्या कड्यातून.

कातळाला 'पायऱ्या' कशा पडल्या?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर साचले. थराचा टणक भाग झिजून उभा कडा होतो, मऊ भाग झिजून उतार किंवा अरुंद पट्टा होतो. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आला आहे.

वाट निवडताना हा जिना डोक्यात ठेवावा लागतो. एक कडा चढला म्हणजे चढाई संपली असं होत नाही. वर पुन्हा उतार आणि त्यावर पुन्हा कडा असू शकतो.

नाळ, सोंड की आडवी वाट?

*नाळ:* दोन कड्यांमधली घळ. दोन्ही बाजूंना भिंती असल्यामुळे ती सुरक्षित वाटते. पण ती मुळात पाण्याची वाट आहे. वरून सुटलेला दगड नेमका नाळेतूनच खाली येतो आणि बाजूला सरकायला जागा नसते. म्हणून नाळेत एकाच्या थेट खाली दुसऱ्यानं चढू नये आणि पावसाची शक्यता असेल तर नाळेत शिरूच नये.

*सोंड किंवा धार:* इथे दगड अंगावर येण्याचा धोका कमी आणि पुढचं लांबवर दिसतं. पण दोन्हीकडे दरी असते, वारा जोराचा लागतो आणि वीज कडाडत असेल तर धारेवर थांबणं धोक्याचं.

*आडवी वाट:* दोन थरांच्या मधल्या पट्ट्यावरून कड्याला वळसा घालणारी. कडा जिथे मोडलाय ती जागा गाठायला ही वाट कामी येते. मात्र पट्टा मुरमाड असेल तर पाय घसरतो.

खालून काय बघायचं?

समोरून बघितलेला कडा आहे त्यापेक्षा जास्त उभा वाटतो, अगदी पायथ्याला उभं राहून बघितलं तर कमी उभा वाटतो. म्हणून डोंगर लांबूनच, शक्यतो बाजूनं बघून घ्यावा. ताज्या रंगाचा खडक आणि खाली पडलेले नवे दगड म्हणजे तिथे दरड सुटते आहे. काळपट, ओला, शेवाळलेला कातळ टाळावा. कपारीत मधमाश्यांची पोळी दिसली तर ती बाजू सोडून द्यावी.

ढोरवाटाही फसवतात. गुरं चाऱ्यासाठी फिरतात, त्यांना शिखर गाठायचं नसतं. म्हणूनच गावातला वाटाड्या मोबाइलमधल्या नकाशापेक्षा भरवशाचा.

चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी खडकावर टेकलेले हवेत. पकड आधी हलवून बघायची, मगच भार टाकायचा. गवत किंवा कारवीच्या वाळक्या काड्या म्हणजे पकड नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: इथून उतरता येईल का?

चढताना पकड डोळ्यांसमोर असते. उतरताना पायाखालची खाच दिसत नाही आणि तोवर शरीरही थकलेलं असतं. त्यामुळे जो टप्पा उतरता येणार नाही, तो दोराशिवाय चढू नये. नाहीतर माणूस मधेच अडकतो, वरही जाता येत नाही आणि खालीही.

उतरताना सर्वात मोठा मोह असतो अनोळखी नाळेचा. खाली गाव दिसत असतं आणि नाळ थेट तिकडेच जाताना दिसते. पण खडक जिन्यासारखा असल्यामुळे ती मधेच एखाद्या कोरड्या धबधब्याच्या टोकावर संपू शकते आणि वरून ते दिसत नाही. अंधार पडायच्या बेतात असताना तिथवर घसरत आलेल्यांना परत वर चढणंही जड जातं.

वाट चुकलीच तर?

शेवटची खात्रीची खूण जिथे होती तिथपर्यंत मागे फिरायचं. तेही जमत नसेल तर सपाट जागी सगळ्यांनी एकत्र थांबायचं, रेंज असेल तर ११२ वर फोन करायचा आणि पुढे जाण्याचा प्रयत्न सोडायचा. एका जागी थांबलेला गट बचाव पथकाला लवकर सापडतो.

निघण्यापूर्वी कोणत्या वाटेनं जाणार, कोणत्या वाटेनं आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून ठेवावं. शोध घ्यायची वेळ आलीच, तर कुठून सुरुवात करायची हे त्यावरूनच कळतं.