दोघींची दौड

धावण्यात शिकण्यासारखे काय आहे, असे कुणीही विचारील. लहानपणी आपण सगळेच धावलेले असतो. परंतु मोठेपणी ठरावीक अंतर धावायचे, आणि तेही घरातल्या माणसाच्या सोबतीने, म्हटले की त्यामागचे शास्त्र समजून घ्यावे लागते. गेल्या मार्चमध्ये महिलादिनानिमित्त नांदेडला झालेल्या तीन किलोमीटरच्या दौडीत आईने आणि मी भाग घेतला. दोघींचीही ती पहिलीच शर्यत. त्या तयारीत जे उमगले, ते येथे मांडते.

तीन किलोमीटर ऐकायला थोडे वाटतात. पण क्रीडाशास्त्रात कमी पल्ला म्हणजे १०० ते ४०० मीटर. शंभर मीटरसाठी लागणारी शक्ती मुख्यतः स्नायूंतील साठ्यातून मिळते. काही मिनिटांहून अधिक वेळ धावायचे, तर बहुतेक शक्ती श्वासातल्या प्राणवायूच्या साहाय्याने तयार व्हावी लागते. म्हणूनच शंभर मीटरच्या वेगाने सुटणारा नवखा धावपटू थोड्याच वेळात धापा टाकू लागतो.

वेग योग्य आहे की नाही, याची साधी कसोटी म्हणजे बोलणे. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग बरोबर. सोयाबीनचा भाव सांगता सांगता आई गप्प झाली, की आम्ही चालू लागत असू.

आई अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी असते. तिची साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितले. "दिवसभर रानात राबते, ते काय बसून?" असे तिचे म्हणणे. ते खोटे नव्हे. मात्र खुरपणीत कंबर मोडते, पण छातीचा ठोका सलग वाढत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांना विचारूनच आम्ही दौडीचे ठरवले.

तयारी आठ आठवड्यांची. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. कारण दम लवकर वाढतो, सांधे आणि शिरा सवयीला वेळ घेतात. आरंभी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ वेळा. पुढे धावणे वाढवत, चालणे कमी करत जायचे. मी वसतिगृहात, म्हणून दोन दिवस आपापल्या ठिकाणी आणि रविवारी गावच्या रस्त्यावर एकत्र.

कपड्यांचा प्रश्न आईनेच सोडवला. पंजाबी ड्रेस ती घालेना. गोल साडीत पाऊल अडते, काष्ट्याच्या लुगड्यात गुडघा मोकळा राहतो. पतीच्या उपचारासाठी बारामतीची तीन किलोमीटरची शर्यत जिंकणाऱ्या, साठी ओलांडलेल्या लताबाई करे नऊवारीतच धावल्या होत्या, हे मी तिला सांगितले. बूट मात्र मापाचे घेतले.

सोबत धावण्याचे खरे मर्म पुढेच आहे. वेग नेहमी सावकाश धावणाऱ्याचा असावा. तरुण माणूस अर्धे पाऊल जरी पुढे राहिला, तरी मागचा नकळत ओढला जातो आणि त्याचा दम तुटतो. म्हणून मी अर्धे पाऊल मागे राहायला शिकले. शर्यतीत मुली भरारा पुढे निघाल्या. "तू हो पुढं, मी येते मागून," आई म्हणाली. जन्मभर ती हेच म्हणत आली आहे. घरात शेवटी जेवायला बसणारीही तीच. त्या दिवशी मात्र पुढे तीच राहिली. तीन वेळा चालून, २७ मिनिटांत आम्ही पोहोचलो.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे यांनी २०२४ साली पॅरिसला अडथळ्यांची ३००० मीटर शर्यत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. अंतर तेच! तरीही छातीवर स्वतःचा क्रमांक लावून आई धावली, हे मला कमी वाटत नाही. रस्त्यावर चालणे तिने अजून सोडलेले नाही.

आमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी महाविद्यालयाचे मैदान पाहिलेले नाही. वार्षिक क्रीडास्पर्धांत पालक आणि विद्यार्थी यांची एक जोडीची दौड ठेवावी, आणि जोडीतला दुसरा पोहोचेल तीच वेळ धरावी, अशी प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना आहे.