हजार वॅट कुठून येणार?

"दादा, हजार वॅटचा अ‍ॅम्प आणलाय, तेवढा बसवून द्या." असं म्हणत एखादं पोरगं दुकानात खोकं ठेवतं, तेव्हा मी त्याला आधी गाडीचं बॉनेट उघडायला सांगतो. वॅट बॅटरी-अल्टरनेटरमधून येतात आणि डिकीतल्या अ‍ॅम्पपर्यंत एका वायरीतून पोचतात. ती वायर कुठली घेणार, हे त्यानं ठरवलेलंच नसतं. बहुतेक वेळा ती खोक्यासोबत फुकट मिळालेली असते.

मी वायरमन. कोल्हापुरात उद्यमनगरला दुकान आहे. वडील ट्रकांचं वायरिंग करायचे; माझ्याकडे कारच जास्त, आणि त्यात गाण्याचं काम बरंच.

गाडीत अ‍ॅम्प लागतो कशाला, इथून सुरुवात करू. टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. टेपमधली आयसी स्पीकरची एक वायर वर ढकलते तेव्हाच दुसरी खाली ओढते, तरी शिखराला मिळतात जेमतेम १४ व्होल्ट. आरएमएस, म्हणजे परिणामी व्होल्टेज, काढलं तर १०. दहाचा वर्ग शंभर, त्याला स्पीकरच्या ४ ओहमनी भागा: २५ वॅट, तेही कागदावर. स्वच्छ आवाजात हाती येतात पंधरा ते वीस. छापलेले ५० म्हणजे आवाज पूर्ण फाटलेला असतानाचे.

एवढ्याशा गाडीत वीस वॅट खरं तर कमी नाहीत. पण हायवेला काचा खाली केल्या, टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आत आला, की माणूस व्हॉल्यूम चढवतो आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेला आवाज चिरकतो. चार ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर २० व्होल्ट आरएमएस, म्हणजे शिखराला २८ व्होल्ट लागतात. बारा व्होल्टच्या गाडीत ते येणार कुठून? अ‍ॅम्पमध्ये तांब्याची तार गुंडाळलेलं फेराइटचं कडं असतं. बॅटरीचा करंट सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करून त्या कड्यातून व्होल्टेज चढवून घेतात. व्होल्टेज वाढलं, पण वीज काही नव्यानं तयार झाली नाही. जेवढी बाहेर दिली, त्याहून जास्त बॅटरीकडून ओढावी लागते.

चार स्पीकर, प्रत्येकी ७५ वॅट, एकूण ३०० धरा. जुन्या पद्धतीचा एबी क्लास अ‍ॅम्प यासाठी पाचशेच्या आसपास वॅट खातो, बाकीची उष्णता होते. म्हणजे साधारण ४० अँपिअर. डी क्लासचा असेल तर तिशीच्या आत भागतं. गाणं सतत एवढं ओढत नाही हे खरं, पण बासच्या ठोक्याला ओढतं, आणि वायर त्या ठोक्याला पुरली पाहिजे.

आता हे ४० अँपिअर घराच्या फिटिंगमधल्या अडीच स्क्वेअरच्या वायरीतून पाच मीटर लांब डिकीत न्या. वाटेतच जवळपास दीड व्होल्ट जातात. जातात म्हणजे साठेक वॅटची उष्णता होते, पायपुसण्याखाली, गालिच्याला चिकटून. अर्ध्या इंची पाइपवर अख्ख्या उसाला पाणी पाजण्यातला हा प्रकार. आठ गेजची तांब्याची वायर घेतली तर तूट ०.४ व्होल्टवर येते, चार गेजची घेतली तर ०.२ च्याही खाली. आणि तांब्याची म्हणजे तांब्याचीच. 'सीसीए' लिहिलेली वायर ही तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, ते तांब्याच्या साठेक टक्केच वीज वाहून नेतं. ब्लेडनं एक तार खरवडायची, आत पांढरी निघाली की समजायचं. वरचं जाड रबर बघून गिऱ्हाईक फसतं.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. पुष्कळ जण तो अ‍ॅम्पशेजारी लावतात, कारण हात तिथं सहज पोचतो. अहो, हा फ्यूज वायरीसाठी असतो, अ‍ॅम्पचा त्याच्या अंगात वेगळा असतोच. बॉनेटमधून केबिनमध्ये येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. तिथं रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार रोजच्या धक्क्यांनी तिला सोलत राहते. एक दिवस तांबं बॉडीला टेकलं की बॅटरी शेकडो अँपिअर सोडते. फ्यूज मागे डिकीत बसून काय करणार? त्याच्यापर्यंत करंट पोचतच नाही.

अर्थची वायरही तेवढीच जाड, आणि लांबी हातभर. बॉडीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा काढायचा, लग घट्ट क्रिम्प करून बोल्टनं आवळायचा, वरून गंजरोधक लावायचं. आमच्याकडच्या पावसात नुसता सोडलेला पत्रा वर्षात लाल होतो. जवळचा म्हणून अर्थसाठी सीटबेल्टचा बोल्ट कधीही वापरायचा नाही. अर्थ ढिली असली की ॲक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी 'कुंईई' स्पीकरमधून ऐकू येते. ती अल्टरनेटरची. मग लोक फिल्टर आणतात. मी आधी अर्थचा बोल्ट बघतो, आणि सिग्नलची आरसीए वायर पॉवरच्या वायरीशेजारून नेलीय का ते. एक डाव्या बाजूनं, दुसरी उजव्या बाजूनं, हा माझा शिरस्ता. पिवळ्या कनेक्टरला मात्र दोन्हीकडे हात लावायचा नाही, ती एअरबॅगची वायरिंग.

कंपनीचा टेप ठेवायचा असेल तर त्याला आरसीए नसतो बऱ्याचदा. तिथं स्पीकरच्याच वायरी अ‍ॅम्पच्या हाय-लेव्हल इनपुटला द्यायच्या, कपलर वापरून, मूळ वायरिंग न कापता. वॉरंटीतल्या गाडीची वायर कापली की सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा मिळते. जुन्या काळी स्पीकरची उणे वायर बॉडीला दिलेली चालायची. आजच्या टेपमध्ये दोन्ही वायरींवर सहा-सात व्होल्ट उभे असतात, त्यातली एक बॉडीला लावली तर आयसी जाते.

स्पीकर जोडताना अधिक-उणे जपायचं. एका दारातला उलटा लागला तर दोन्ही स्पीकर वाजतात, बिघाड काहीच दिसत नाही, पण बास गायब. एक आत ओढतो तेव्हा दुसरा बाहेर ढकलतो. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर आला तर सेलचं अधिक ते स्पीकरचं अधिक. ट्विटरवर हा प्रयोग करू नये.

राहिला गेनचा स्क्रू. सगळ्यात जास्त स्पीकर यानंच जळतात, कारण लोक तो व्हॉल्यूम समजून पूर्ण फिरवतात. टेप जेवढे व्होल्ट देतो त्याच्याशी अ‍ॅम्पचं इनपुट जुळवण्यापुरतं त्याचं काम. मी टेप पाऊण व्हॉल्यूमला ठेवतो, बास-ट्रेबल शून्यावर, गेन हळूहळू चढवतो, आवाज फाटायला लागला की थोडा मागे घेतो. दारातल्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या खालचं देत नाही. ते डिकीतल्या सबवूफरच्या डब्याचं काम.

सेकंडहँड गाडी घेताना एक बघा. आधीच्या मालकानं अ‍ॅम्प काढून नेलेला असतो, वायर मात्र तशीच. डिकीच्या गालिच्याखाली इन्सुलेशन टेप गुंडाळलेलं जाड लाल टोक सापडलं तर त्याला हात लावू नका. बॉनेट उघडा आणि त्या वायरीचा बॅटरीजवळचा फ्यूज काढा. तिथं फ्यूजच नसेल तर बॅटरीची उणे वायर सोडून ती लाल वायर बॅटरीपासून सोडवून घ्या, मगच गाडी घरी न्या.