नावांची गोधडी



आजीचं लुगडं, वडिलांचं धोतर, लेकराचं झबलं. जुन्या कपड्यांची आपण गोधडी शिवतो. माणूस गेलं तरी त्याची ऊब घरात राहते. आज अशाच एका गोधडीची गोष्ट सांगते. ती अमेरिकेत शिवली गेली आणि तिच्यावर एक लाखाहून जास्त माणसांची नावं आहेत.

१९८१ साली तिथल्या डॉक्टरांना एका नव्या आजाराचे रुग्ण दिसू लागले. पुढे त्याला एड्स हे नाव पडलं. पहिले रुग्ण समलिंगी पुरुष होते, म्हणजे ज्यांचं प्रेम पुरुषावरच असतं असे. लोक म्हणाले, ही त्यांच्या पापाची शिक्षा. पण एचआयव्हीचा विषाणू माणूस कोण ते बघत नाही. तो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून वा सुईतून आणि आईकडून बाळाला होऊ शकतो. तरी भीती वाढली. कुणाची नोकरी गेली, कुणाचं भाड्याचं घर. काही आईवडिलांनी मुलाला घराबाहेर काढलं. अंत्यविधी करणारे काही जण मृतदेहाला हात लावेनात.

मग या माणसांनीच एकमेकांना सांभाळलं. समलिंगी स्त्रियाही मदतीला धावल्या. समलिंगी पुरुषांना रक्तदानाची बंदी झाली, तेव्हा १९८३ साली सॅन दिएगो शहरात या स्त्रियांनी रुग्णांसाठी रक्तदान शिबिरं भरवली.

१९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मेणबत्त्यांचा मोर्चा निघाला. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या सांगण्यावरून लोकांनी एड्सने गेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहिली आणि सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली. ती भिंत त्याला गोधडीसारखी दिसली. १९८७ मध्ये शिवण सुरू झाली. एकेका माणसासाठी एकेक तुकडा, तीन फूट रुंद, सहा फूट लांब. एका माणसाच्या थडग्याएवढा. त्यावर कुणी त्याचा शर्ट शिवला, कुणी खेळणं, कुणी पत्र.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजधानी वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकडे अंथरले आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. घरात जे नाव कुणी काढत नव्हतं, ते देशाने ऐकलं. रोगी म्हणून हाकललेला माणूस कुणाचा तरी मुलगा, भाऊ, जोडीदार होता, हे लोकांना दिसलं.

चळवळीतले लोक औषधांसाठीही रस्त्यावर उतरले. आज आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. नियमित घेतल्या तर माणूस भरपूर जगतो. २०१७ च्या कायद्याने नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई आहे.

हे सगळं आज का सांगते? एका गटात मी गेले होते. एका ताईंचा कप वेगळा ठेवलेला. नवरा या आजाराने गेला म्हणून. त्यांना काही विचारायच्या आधीच त्या स्वतःचा कप विसळून बाजूला ठेवत होत्या. बायांनो, एका कपातून, हात धरल्याने, शेजारी बसल्याने एचआयव्ही होत नाही.

कुणी विश्वासाने आपला आजार सांगितला तर तो चारचौघींत बोलू नका. पण तिला आपल्या शेजारी बसवा आणि सगळ्यांच्या कपात तिचाही कप ठेवा. गोधडी अशीच एकेका टाक्याने होते.