तोंडात परतवाडा, तक्त्यात अचलपूर

'मांगच्या दिवाळीपासून परतवाड्यात तुरीले सगळ्यात जास्त भाव कवा भेटला?' हा प्रश्न वऱ्हाडात कुणालाही कळेल, संगणकाला मात्र तो तीन ठिकाणी अडवतो. कृषी पणन मंडळाच्या तक्त्यांत बाजार समित्यांची आवक आणि दर नोंदलेले असतात, पण समितीचं नाव अचलपूर. गावं जुळी, नगरपरिषद एक. बोलताना परतवाडा, कागदावर अचलपूर. तक्त्यात नुसता 'भाव' असा रकानाही नाही. कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. राहिली दिवाळी. 2024 चं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 चं 21 ऑक्टोबरला, आणि तक्ता ओळखतो फक्त तारीख.

अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 मध्ये ती मांडली, तेव्हा संगणक न शिकलेल्यालाही ती वापरता यावी असा बेत होता. झालं उलटंच, ती प्रोग्रामरांची भाषा होऊन बसली. आता साध्या प्रश्नावरून क्वेरी, म्हणजे एसक्यूएलमध्ये मांडलेला प्रश्न, भाषा-मॉडेलनं लिहावी, असा प्रयत्न आहे. 2018 मध्ये येल विद्यापीठातल्या 11 विद्यार्थ्यांनी 200 डेटाबेसांवर दहा हजारांहून अधिक प्रश्न आणि त्यांच्या क्वेरी तयार केल्या. या 'स्पायडर' संचावर मॉडेलं पुढं चांगलीच तयार झाली. मग 2023 मध्ये 'बर्ड' नावाची परीक्षा आली. तिच्यात तक्ते खऱ्या व्यवहारातले, अस्ताव्यस्त. तिथं माणसांची उत्तरं सुमारे 93 टक्के बरोबर आली, जीपीटी-4 ची सुमारे 55. व्याकरण तेच होतं. कमी पडली ती कुठल्या रकान्यात नेमकं काय भरलंय याची जाण.

म्हणूनच माझं म्हणणं असं की मॉडेलला स्थानिक कामासाठी घडवताना, म्हणजे फाइन-ट्यूनिंग करताना, खरी मेहनत यंत्रावर नसते. तयार मॉडेलला प्रश्न आणि अचूक क्वेरी अशा जोड्या दाखवायच्या; 2021 च्या 'लोरा' पद्धतीमुळे सगळं मॉडेल न हलवता थोडेसे जोडलेले आकडेच बदलावे लागतात. ते काम कुठल्याही शहरात होईल. जोड्या मात्र अडत्या, मापारी आणि बाजार समितीतला कारकून यांच्याजवळ बसूनच लिहाव्या लागतील. 'तूर कशी गेली', 'तुरीले का भाव हाय', 'आज माल किती आला' असे प्रश्न पुण्यात बसून सुचत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मोठ्या मॉडेलला 'परतवाडा म्हणजे अचलपूर' अशी टीप दिली की झालं. सात-आठ रकान्यांच्या तक्त्यापुरतं हे खरं आहे, आणि आधी तेच करून पाहावं. पण तक्ते वाढले की टिपांची पोथी होते आणि ती दर प्रश्नासोबत वाचायला द्यावी लागते. शिवाय टीप चालली की नाही हे तपासायलाही गावातलेच प्रश्न लागतात, त्यामुळे जोड्या वाया जात नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. क्वेरी चुकली तरी आकडा येतोच, आणि चुकीचा आकडा बरोबर आकड्यासारखाच दिसतो. चार पोती निवडक तुरीला मिळालेला जास्तीत जास्त दर हाच बाजारभाव समजून कुणी माल घरात ठेवला, तर नुकसान त्याचं. म्हणून उत्तराच्या डोक्यावर 'अचलपूर, लाल तूर, सर्वसाधारण दर, अमुक तारखेपासून' असं साध्या मराठीत छापलंच पाहिजे. काही जोड्या तर अशा हव्यात की ज्यांचं उत्तर क्वेरी नसून 'लाल की पांढरी?' हा उलट प्रश्न असेल. संत्र्याच्या बाबतीत तेवढ्यानंही भागत नाही. तक्ता क्विंटलचा, आणि बागेतला सौदा हजारी फळांवर ठरलेला असला, तर फळ केवढं हे कळल्याशिवाय दोन्हींचा मेळ बसत नाही. तिथं मॉडेलनं 'हे या तक्त्यात नाही' म्हणून थांबावं. तेही आपोआप येत नाही, त्याच्याही जोड्या लिहाव्या लागतात.