प्रेक्षकाची वहिवाट : मुंबईतील क्रीडासंस्था आणि प्रेक्षकांचा वारसा

प्रस्तावना

क्रीडासंस्थांचा इतिहास बहुधा खेळाडूंच्या विक्रमांतून किंवा पदाधिकाऱ्यांच्या कारकिर्दीतून लिहिला जातो. मैदानाच्या कडेला बसून त्या विक्रमांना अर्थ देणारा प्रेक्षक या इतिहासात 'अलोट गर्दी' किंवा 'टाळ्यांचा कडकडाट' अशा दोन-तीन ठरावीक शब्दांत आटोपला जातो. वास्तविक प्रेक्षकांचाही एक वारसा असतो. संघाचे नाव, त्याचे रंग, विशिष्ट घोषणा, पिढ्यान्‌पिढ्या बसण्याची जागा, या गोष्टी प्रेक्षकांनी जपलेल्या असतात. मात्र त्या टाकून देण्याचा अधिकार संस्थेकडे असतो. प्रस्तुत लेखात मुंबईच्या क्रिकेट मैदानांवरील आसनांच्या प्रश्नाच्या आधारे या विसंगतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मीरा-भाईंदरसारख्या शहराच्या दृष्टीने हा विषय परका नाही. २००१ च्या जनगणनेत सुमारे ५.२० लाख असलेली येथील लोकसंख्या २०११ मध्ये ८.०९ लाखांवर गेली. या वाढीत मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून उपनगरांत स्थलांतरित झालेली कुटुंबेही आहेत. त्यांच्यासोबत मैदानांच्या आठवणीही पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे आल्या. चर्चगेटला उतरून पायी मैदान गाठणारा प्रेक्षक आता भाईंदर किंवा मीरा रोडला राहतो. परंतु मैदानावरील त्याच्या जागेचे काय झाले, याची नोंद कोणत्याही संस्थेच्या दप्तरी नाही.

मालकी आणि वहिवाट

विषयाच्या आकलनासाठी ग्रामीण महाराष्ट्राला परिचित असलेला एक भेद उपयोगी पडतो. सातबाऱ्याच्या उताऱ्यात गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखाचे पत्रक असते, तर नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. जमीन कोणाची हा एक प्रश्न. ती प्रत्यक्ष कोण कसतो हा दुसरा. दीर्घकाळच्या वापरातून निर्माण होणाऱ्या नात्याला मराठीत 'वहिवाट' असा नेमका शब्द आहे. पायवाट कोणाच्याही शेतातून जात असली तरी ती अचानक नांगरून टाकता येत नाही, ही जाणीव या शब्दामागे आहे.

क्रीडासंस्थेची जमीन, नाव व बोधचिन्ह यांची मालकी संस्थेची असते. त्यांची वहिवाट मात्र प्रेक्षकांची असते. शेतातील वहिवाटीला कायद्याने काही संरक्षण दिले आहे. मैदानावरील वहिवाटीला आपल्याकडे असे संरक्षण नाही. मुंबईत हा संघर्ष तीन वेळा आसनांच्या वाटपावरून उघड झाला, हे लक्षणीय आहे.

१९३७ : ब्रेबॉर्नवरील पहिला वाद

मुंबईतील जातीय सामन्यांची परंपरा १९०७ च्या तिरंगी स्पर्धेपासून दृढ झाली. १९१२ मध्ये ती चौरंगी झाली आणि १९३७ मध्ये 'शेष' संघाच्या समावेशाने पंचरंगी होणार होती. त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे ब्रेबॉर्न स्टेडियम चर्चगेटनजीक भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर उभे राहिले. तोपर्यंत हे सामने जिमखान्यांच्या मैदानांवर, तात्पुरत्या मांडवांच्या आधाराने होत. ब्रेबॉर्नमुळे प्रेक्षकाला प्रथमच पक्के, मोजलेले आसन मिळाले; आणि मोजलेले आसन आले की वाटपाचा हिशेबही आला. जिमखान्यांना द्यावयाच्या जागांवरून मतभेद होऊन हिंदू जिमखान्याने त्या वर्षी स्पर्धेतून माघार घेतली. पाच संघांची म्हणून घोषित झालेली स्पर्धा पहिल्याच वर्षी चार संघांत खेळली गेली.

या स्पर्धेचा पुढील इतिहास वारशाच्या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवतो. पंचरंगी सामने अतोनात लोकप्रिय होते. १९४३ च्या अंतिम सामन्यात शेष संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्या विजय हजारे यांनी केल्या. तथापि प्रेक्षकांची धर्मानुसार विभागणी हा या स्पर्धेचा पायाच होता. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी असे जातीय सामने बंद व्हावेत असे मत व्यक्त केले आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा इतिहासजमा झाली. ज्या संघासाठी पाळवणकर बाळू यांनी अतुलनीय गोलंदाजी केली, त्याचे कर्णधारपद त्यांना जातीमुळे कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. म्हणजेच लोकप्रिय वारसा नेहमीच न्याय्य असतो असे नाही. वहिवाट जुनी आहे, एवढ्यावरून ती योग्य ठरत नाही. ती कोणाला सामावून घेते व कोणाला बाहेर ठेवते, हे तपासावे लागते. पंचरंगी स्पर्धेचा त्याग हा उघड सार्वजनिक चर्चेनंतर, एका व्यापक मूल्यासाठी झालेला त्याग होता. पुढील दोन प्रसंगांत असे मूल्य आढळत नाही.

१९७३ ते १९७५ : ब्रेबॉर्नकडून वानखेडेकडे

ब्रेबॉर्नवर १९४८ पासून १९७३ पर्यंत १७ कसोटी सामने झाले. स्टेडियम क्लबचे आणि सामन्यांची व्यवस्था पाहणारी संघटना निराळी, अशी ही रचना होती. क्लबच्या सभासदांसाठी उत्तम जागा राखीव राहत आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशनला आपल्या संलग्न क्लबांसाठी अधिक तिकिटे हवी असत. इंग्लंडविरुद्धच्या १९७३ च्या सामन्यानंतर हा तंटा विकोपास गेला. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र स्टेडियम उभारण्याचा निर्णय घेतला आणि ब्रेबॉर्नपासून एक किलोमीटरहूनही कमी अंतरावर, रेल्वेमार्गाला लागून, वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार नवे स्टेडियम अल्पावधीत उभे राहिले.

या घटनेकडे सामान्यतः दोन संस्थांच्या मानापमानाचे नाट्य म्हणून पाहिले जाते. प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ वेगळा आहे. क्लबने आपली हिरवळ, आपला पॅव्हेलियन आणि आपले सभासद राखले. गमावला तो पंचवीस वर्षांचा सार्वजनिक प्रेक्षक. पुढील कसोटी सामना ब्रेबॉर्नवर होण्यास डिसेंबर २००९ उजाडावे लागले, तेही वानखेडेचे नूतनीकरण सुरू असल्यामुळे. प्रेक्षकांवाचून मैदान सुंदर राहू शकते; मात्र त्याचे सार्वजनिक जीवन खंडित होते.

नव्या मैदानाचा आरंभही प्रेक्षकाच्या प्रश्नानेच झाला. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या पहिल्या कसोटीत क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे अभिनंदन करण्यासाठी मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारहाण केली, त्यावरून प्रेक्षक भडकले आणि खेळ थांबवावा लागला. आसनांच्या संख्येसाठी उभारलेल्या मैदानावर आसनावरील माणसाशी कसे वागावे हा प्रश्न पहिल्याच सामन्यात उभा राहिला.

नॉर्थ स्टँड : न लिहिलेला वारसा

वानखेडेवरील विविध विभागांना विजय मर्चंट, सुनील गावस्कर, सचिन तेंडुलकर यांसारख्या थोर खेळाडूंची, तसेच देणगीदार व प्रशासकांची नावे आहेत. मे २०२५ मध्ये अजित वाडेकर, रोहित शर्मा आणि शरद पवार यांच्या नावांची त्यात भर पडली. 'नॉर्थ स्टँड' हे नाव मात्र केवळ दिशेवरून पडलेले आहे. त्याला लाभलेली प्रतिष्ठा कोणत्याही ठरावाने आलेली नाही. ती तेथे बसणाऱ्यांनी दिली. मैदानी क्रिकेट खेळलेले, खेळाची बारकाईने जाण असलेले प्रेक्षक ही या विभागाची ओळख होती. तेथे स्तुती आणि टीका दोन्हींत भीड नसे. 'गणपतीबाप्पा मोरया'च्या गजरात गोलंदाजाला साथ देणारा हाच समूह घरच्या फलंदाजाची चूकही पदरात घालत असे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनावर वाढलेल्या पिढीला मैदानावर आपली भाषा ऐकू येत असे, तीही येथेच.

२०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडेची पुनर्बांधणी झाली. स्वतंत्र खुर्च्या, छत, उपाहारगृहे, स्वच्छतागृहे या सोयी आल्या आणि त्या आवश्यकच होत्या. गैरसोय हा वारसा नव्हे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच वेळी खासगी कक्षांना जागा मिळाली आणि एकूण आसनक्षमता पूर्वीपेक्षा घटून सुमारे ३३,००० वर आली. अंतिम सामन्याच्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार त्यांपैकी सुमारे २०,००० आसने असोसिएशनच्या वाट्याची, ८,५०० आंतरराष्ट्रीय परिषदेची, तर थेट जनतेसाठी केवळ ४,००० होती. त्यांतील १,००० तिकिटांची संगणकीय विक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले.

या आकड्यांचे आकलन सावधपणे करावयास हवे. असोसिएशनच्या वाट्याची आसने सुमारे ३३० संलग्न क्लब व संस्थांकडे जातात आणि त्यांतील अनेक क्लब आझाद मैदान, शिवाजी पार्क येथे खेळ जिवंत ठेवणारे आहेत. त्यांचा हक्क नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. क्लब हेच संघटनेचे मतदार असल्याने त्यांचा वाटा सुरक्षित राहतो. पुरस्कर्ता पैसा देत असल्याने त्याचाही वाटा सुरक्षित राहतो. मत नाही आणि मोठी रक्कमही नाही, असा जो उरतो तो सामान्य प्रेक्षक. कपात होते तेव्हा ती त्याच्याच जागेची होते. येथे कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. ज्याला प्रतिनिधी नाही त्याची वहिवाट रचनेतच पुसली जाते.

एप्रिल २०२३ मध्ये महेंद्रसिंह धोनी यांच्या विजयी षटकाराचा चेंडू जेथे पडला, त्या आसनांच्या ठिकाणी स्मारक करण्यात आले. संस्थेला आसनाचे ऐतिहासिक मोल कळते, याचा हा पुरावा होय. परंतु त्या स्मारकात चेंडूची स्मृती आहे. तेथे वर्षानुवर्षे बसणाऱ्यांची नाही.

इतर उदाहरणांचा प्रकाश

हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाही. मुंबईच्या महिंद्र युनायटेड या फुटबॉल संघाने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. तथापि २०१० मध्ये मालक कंपनीने शालेय स्तरावरील फुटबॉलकडे लक्ष वळवण्याचे ठरवून वरिष्ठ संघच बंद केला. निर्णयामागील हेतू रास्त असू शकतो. पण कूपरेजवर संघासाठी येणाऱ्यांना त्या निर्णयात स्थान नव्हते.

कोलकात्यात याच्या उलट घडले. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या मोहन बागानचे फुटबॉल पथक २०२० मध्ये एटीके या व्यावसायिक संघाशी जोडले गेले आणि 'एटीके मोहन बागान' हे नाव आले. हिरवा-किरमिजी रंग राखला गेला, तरी नावाआधी लागलेली अक्षरे समर्थकांनी स्वीकारली नाहीत. निदर्शने व बहिष्कार सुरू राहिले आणि २०२३ मध्ये ती अक्षरे काढण्यात आली. वेल्समधील कार्डिफ सिटीने २०१२ मध्ये निळा गणवेश टाकून लाल स्वीकारला. समर्थकांच्या विरोधानंतर जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. इंग्लंडने पुढे जाऊन २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा केला. त्यान्वये क्लबचे बोधचिन्ह, घरचे रंग अशा बाबींत बदल करताना समर्थकांच्या मताला स्थान देण्यात आले आहे. वहिवाटीला कायद्याची मान्यता मिळू शकते, हे यावरून दिसते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) प्रेक्षकांचा वारसा हा मालकीचा नसून वहिवाटीचा असतो. त्यामुळे त्याची नोंद होत नाही आणि नोंद नसल्याने तो सहज टाकला जातो.

२) प्रत्येक वारसा जपण्यायोग्य नसतो. वगळणुकीवर उभा असलेला वारसा सोडणे हे समाजाच्या प्रगतीचे लक्षण आहे. मात्र तो निर्णय उघड चर्चेतून व्हावा. आराखड्यातील दुरुस्तीतून नव्हे.

३) नाव व रंग परत आणता येतात, कारण ती चिन्हे आहेत. तुटलेली बैठक परत आणणे कठीण असते, कारण ती माणसांची सवय असते. म्हणून आसनांच्या वाटपात सामान्य जनतेचा किमान वाटा जाहीर रीतीने निश्चित होणे गरजेचे आहे.

या संदर्भात महाविद्यालयांनाही एक कार्य करता येण्याजोगे आहे. मीरा-भाईंदरमधील अनेक ज्येष्ठ नागरिकांनी ब्रेबॉर्नवरील अखेरची कसोटी आणि वानखेडेवरील पहिली कसोटी पाहिलेली असण्याचा संभव आहे. १९७५ मध्ये वीस वर्षांचा असलेला प्रेक्षक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडील जुनी तिकिटे, धावफलकाच्या वह्या आणि आठवणी यांचे संकलन इतिहास, समाजशास्त्र व मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्परूपाने केल्यास या वहिवाटीची निदान एक नोंद तयार होईल. संस्थेच्या दप्तरात ज्याचे नाव नाही, त्याचे नाव लिहून ठेवण्याचे काम अभ्यासकांचे आहे, आणि त्यासाठी उपलब्ध असलेला काळ फार नाही.