शब्दाचा अर्थ आणि संपादकाचे दायित्व : लोकमान्यांचे एक दर्शन

लोकमान्य टिळकांचा विचार करताना राजकीय पुढारी, पत्रकार आणि पंडित असे त्यांच्या व्यक्तित्वाचे तीन भाग पाडण्याची आपल्याकडे रीत आहे. अध्यापनाच्या सोयीसाठी ती ठीक असली, तरी तिच्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट दृष्टीआड होते. कायद्याचा पदवीधर, ‘केसरी’चा संपादक आणि ग्रीक व वैदिक कथांची तुलना करणारा संशोधक या तिन्ही भूमिकांत टिळक वस्तुतः एकच प्रश्न विचारीत होते : अमुक शब्दाचा अर्थ काय, आणि तो कोणत्या पुराव्यावरून ठरवावयाचा ?

टिळक १८७९ साली एल्‌एल. बी. झाले. त्यांनी वकिली केली नाही. पण पुण्यात वकिलीच्या परीक्षांसाठी वर्ग चालविला. १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे निघाली, आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात आगरकर व टिळक यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. ज्या पत्रांवर त्यांनी विश्वास ठेवला होता, ती बनावट ठरली होती. हेतू शुद्ध असला तरी पुरावा कच्चा असेल तर लेखणीचे बळ व्यर्थ जाते, हा या प्रकरणाचा धडा होय.

पुराव्याची हीच शिस्त ‘ओरायन’ या ग्रंथात दिसते. लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी १८९२ साली लिहिलेला हा प्रबंध १८९३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगनक्षत्रात होता त्या काळाच्या स्मृती वेदवाङ्मयात आहेत, आणि तो काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षांचा, हा त्याचा मुख्य सिद्धांत. त्याच्या समर्थनार्थ टिळकांनी ग्रीक पुराणाला जणू साक्षीदार म्हणून उभे केले. ग्रीक कथेतील ओरायन हा शिकारी. एका पाठानुसार तो आर्तेमिस देवीच्या बाणाने मरतो. ऐतरेय ब्राह्मणात मृगरूप प्रजापती रोहिणीच्या मागे जातो आणि बाणाने विद्ध होतो. आकाशातील तीन तारे ग्रीकांना ओरायनचा कमरपट्टा वाटले. आपल्याकडे तोच बाण. हे साम्य उसने की मूळचे ? येथे टिळक प्लुटार्कची साक्ष काढतात आणि ही नावे ग्रीकांची स्वतःची आहेत असे दाखवितात. ‘ओरायन’ हा शब्द ‘आग्रयण’ याच्याशी जोडण्याची त्यांची व्युत्पत्ती मात्र पुढील भाषाशास्त्रज्ञांत सर्वमान्य झाली नाही. तथापि निष्कर्ष मान्य न करणाऱ्यालाही त्यामागील पद्धतीचे मोल नाकारता येणार नाही : प्रतिपक्ष कोणता आक्षेप घेईल याचा आधी विचार करून ते पुरावा मांडतात.

चार वर्षांनी हाच प्रश्न त्यांच्या स्वातंत्र्यावर बेतला. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात कलम १२४ अ मधील ‘डिसअफेक्शन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ निर्णायक ठरला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी त्याचा अर्थ प्रेमाचा अभाव असा करून सर्व प्रकारच्या दुर्भावाला त्यात जागा दिली. ज्यूरीने ६ विरुद्ध ३ मतांनी टिळकांना दोषी ठरविले आणि १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅक्सम्युलरप्रभृती विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी अर्ज केला आणि सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदतीपूर्वी, ते सुटले. ‘ओरायन’च्या कर्त्याविषयीचा आदर या अर्जामागे होता. एका शब्दाच्या व्यापक अर्थाने टिळक तुरुंगात गेले आणि दुसऱ्या शब्दाच्या संशोधनाने त्यांच्या सुटकेला हातभार लावला, असे म्हणता येईल.

१९०८ च्या खटल्यात प्रश्न मराठी शब्दांचा होता. ‘केसरी’तील लेख न्यायालयापुढे आले ते सरकारी इंग्रजी भाषांतराच्या रूपाने. टिळकांनी स्वतः बचाव केला, भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि २१ तासांहून अधिक काळ चाललेल्या भाषणात भाषांतरातील अर्थांतर दाखविले. मराठीची राजकीय परिभाषा अजून घडत आहे, तेव्हा शब्दाला शब्द लावून लेखकाचा हेतू ठरविता येत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. ‘डिसअफेक्शन’च्या अर्थाचा वाद मात्र त्यांच्यामागेही चालू राहिला. १९४७ साली प्रिव्ही कौन्सिलने व्यापक अर्थच उचलून धरला. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाची व्याप्ती हिंसा वा सार्वजनिक अव्यवस्था माजविण्याकडे कल असणाऱ्या लेखन-भाषणापुरती मर्यादित केली.

मंडालेच्या कारावासात लिहिलेल्या व १९१५ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘गीतारहस्या’त ग्रीस पुन्हा भेटतो, परंतु आता पुराणकथेच्या नव्हे, तर नीतिशास्त्राच्या रूपाने. चिंतनमय जीवन श्रेष्ठ मानणारा ॲरिस्टॉटल टिळकांना आपल्याकडील संन्यासमार्गाशेजारी उभा करता येतो, आणि कर्म की कर्मत्याग हा वाद एकट्या भारताचा नाही हे दाखविता येते. ‘गीतारहस्या’चा कन्नड अनुवाद धारवाडच्या आलूर वेंकटराव यांनी केला. तेही कायद्याचे पदवीधर, वकील आणि ‘जय कर्नाटक’ मासिकाचे संपादक. म्हणजे टिळकांच्याच वाटेवरचे अभ्यासक.

हुबळी-धारवाडच्या विद्यानगरासारख्या परिसरात, कन्नडच्या सान्निध्यात मराठी शिकविणाऱ्यांना या इतिहासाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एका भाषेतील शब्द दुसरीत नेताना अर्थ कोठे वाढतो आणि कोठे गळतो, हा त्यांच्या नित्याच्या अनुभवाचा विषय आहे. टिळकांचे अग्रलेख वर्गात केवळ ओजस्वी गद्याचे नमुने म्हणून न वाचविता, त्यांतील एखादा शब्द घेऊन त्याचे इंग्रजीत वा कन्नडमध्ये काय होते हे विद्यार्थ्यांना शोधावयास लावावे. अनुवाद हा निरुपद्रवी व्यवहार नाही. एका शब्दाच्या भाषांतरावर माणसाची सहा वर्षे अवलंबून असू शकतात, हे त्यातून त्यांच्या ध्यानी येईल.